सुकतीची वाट

आमच्या आत्याच्या तोंडी शेवटपर्यंत कुलाबा जिल्हाच होता. १९८१ साली सरकारनं नाव बदलून रायगड केलं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पण आत्या पोस्टकार्डावर 'अलिबाग, जि. कुलाबा' असंच लिहायची. तिचं म्हणणं साधं होतं. रायगड महाराजांचा, तो मोठाच; पण दारातून दिसतो तो कुलाबा किल्ला. दारातून म्हणजे अगदी दारातून दिसत नसे, आळीच्या टोकाशी जावं लागे. पण आत्याचं दार आळीच्या टोकापर्यंत पसरलेलं होतं.

परीक्षा संपली की आम्ही गिरगावातून निघायचो. वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि आईनं बांधून दिलेला दशम्यांचा डबा. भाऊच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत उभं राहिलं की वडील हटकून सांगायचे, की हा धक्का भाऊ अजिंक्य नावाच्या मराठी माणसानं बांधला. मग रेवस. तिथून खारेपाटाची मोकळी शेतं बघत एसटीनं अलिबाग. आत्या स्टँडवर उभी असायची, नऊवारीचा पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी. टांगा करू असं कुणी म्हटलं की ती पिशवी दुसऱ्या हातात घ्यायची आणि चालू लागायची. "अलिबाग चालायचं गाव आहे," एवढंच बोलायची. ते खरंच होतं. आजही आहे. गाव म्हणून जेवढं जुनं अलिबाग आहे, ते सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत आरामात पायांखालून जातं.

गावाला नाव कुणा अलीचं. तो श्रीमंत होता, त्यानं इथं विहिरी खणल्या, आंब्या-नारळांच्या बागा केल्या, म्हणून अलीबाग. कुणी त्याला मुसलमान म्हणतं, कुणी बेने इस्राएल, म्हणजे इथला ज्यू. आत्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. "ज्यानं विहीर खणली तो पुण्यवान," म्हणायची आणि रहाटाला हात घालायची.

घर तिचं तिकडच्या सगळ्याच घरांसारखं. पुढं ओटी, ओटीवर शिसवी झोपाळा, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि पडवीतून उतरलं की विहीर आणि नारळी-पोफळीची वाडी. वर मंगलोरी कौलं. उन्हाळ्याच्या शेवटी गडी यायचा आणि घराच्या पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे विणलेले झाप बांधून द्यायचा, म्हणजे समुद्रावरून येणारी झड भिंतीवर बसत नाही. झाप बांधले की पडवीत दुपारीसुद्धा संधिप्रकाश. त्या अंधुक उजेडात आत्या वाल सोलत बसायची. रात्री भिजत घातलेले, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल गरम पाण्यात टाकायचे आणि चिमटीत धरून दाबायचं, की डाळिंब्या टपटप ताटात पडतात. तिचं लक्ष बोलण्याकडे असे, बोटं आपापलं काम करत. माझ्या हातून साल निघे पण डाळिंबीचे दोन तुकडे होत. ते तुकडे ती वेगळे काढायची आणि त्यांची आमटी फक्त मला वाढायची.

माजघरात एक खांब होता, बाकीच्या खांबांपेक्षा दुप्पट जाड, वर केळफुलाचं कोरीवकाम. तो आंगऱ्यांच्या वाड्यातला, असं घरात सांगत. आत्याच्या सासऱ्यांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आजोबांनी. आंगऱ्यांचं संस्थान वारस नाही म्हणून इंग्रजांनी १८४० साली खालसा केलं आणि १८४२ मध्ये किल्ल्यातल्या वाड्यांच्या लाकडांचा लिलाव झाला, हा इतिहासच आहे. त्या लिलावातून आमचा खांब आला की नाही, ते सांगायला कागद नाही. पण लहानपणी मी त्या खांबाला पाठ लावून बसायची ती कान्होजी आंगऱ्यांच्या घरात बसल्यासारखी, आणि तो माझा अनुभव मात्र पक्का आहे.

आत्याबरोबरचं चालणं सकाळी भाजीपासून सुरू व्हायचं. पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन कार्ले, खंडाळे, नेहुलीकडच्या बाया नाक्यावर बसायच्या. भात निघालं की त्याच शेतात हा कांदा लावतात. काढल्यावर पातीसकट सुकवतात आणि वेणी घालतात. आत्या माळ उचलून उन्हात धरायची, वेणी किती घट्ट घातली आहे ते बघायची. घट्ट वेणीचा कांदा पावसाळ्यात टिकतो. चवीला इतका गोड की भाकरीबरोबर नुसता फोडून खावा. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला पहिली आठवण झाली ती आमच्या पडवीच्या वाशाला टांगलेल्या माळांची.

तिथून इस्राएल आळी. हे ज्यांनी अलिबाग पाहिलं नाही त्यांना सांगावं लागतं. कोकणच्या या किनाऱ्यावर ज्यू लोक किती शतकांपासून आहेत ते त्यांनाही नेमकं ठाऊक नाही. नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, त्यांचे आम्ही, असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं आपलीच: किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. बोलणं मराठी, लुगडं नऊवारी. गेल्याच्या गेल्या शतकात त्यांनी बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनंसुद्धा केली, चिपळ्या-टाळ घेऊन. आळीतल्या मागेन आबोथ या सिनेगॉगसमोरून जाताना आत्या देवळासमोरून जाताना करतो तसाच हात छातीशी न्यायची.

त्या आळीतल्या एक मावशी आत्याच्या जिवाच्या मैत्रीण. त्यांच्याकडे नवस फेडायचा असला की मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळांच्या फोडी. घरात एलियाहू हन्नाबींच्या नावानं प्रार्थना आणि मग ताट शेजारीपाजारी. त्यांच्या त्या प्रेषिताचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर टेकला, घोड्याच्या टापेची खूण तिथं आहे, ही त्यांची श्रद्धा. आत्या मावशींबरोबर तिथं चालत जाऊन आली होती. "देव आला म्हणतात, मग नमस्कार करायला काय हरकत?" हे तिचं वाक्य मला चांगलं आठवतं. पुढं मावशींची मुलं इस्राएलला गेली, मग मावशीही गेल्या. जाताना पुरणयंत्र ट्रंकेत घातलं आणि पाटा-वरवंटा आत्याला दिला. त्यांची पत्रं कितीतरी वर्षं यायची, सुरेख वळणदार मराठीत, शेवटी 'सर्वांना सलाम आणि नमस्कार'. तिकडे आपल्या या लोकांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा सांगायला आत्या नव्हती, याची चुटपुट अजून आहे.

छत्रीबागेत आत्या चपला बाहेर काढायची. कान्होजी आंगऱ्यांची समाधी तिथं आहे, घराण्यातल्या इतरांच्याही आहेत. शाळेच्या पुस्तकात कान्होजी आरमारप्रमुख होते. आत्याच्या सांगण्यात ते गावातलं कडक, कर्तबगार वडीलधारं माणूस होते. "इंग्रज आणि फिरंगी, दोघं मिळून आले हो," ती सांगायची, "आणि हात हलवत परत गेले." हे १७२१ सालचं. मुंबईकर इंग्रज आणि चौलकडून पोर्तुगीज असे एकत्र चालून आले, बाजीराव पेशव्यांची फौज मदतीला आली, आणि कुलाबा काही पडला नाही. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी गेले. मग मुलांमध्ये भांडणं झाली आणि आरमाराचा तो दरारा हळूहळू ओसरला. भावाभावांच्या भांडणाचा भाग सांगताना आत्या आवाज खाली आणायची. आमच्याही वाडीची वाटणी तेव्हा कोर्टात होती, म्हणून असेल.

हिराकोटाच्या तळ्यावरून मागं वळून पाहिलं की काळ्या दगडांची ती जाडजूड तटबंदी दिसते. एकेकाळी आंगऱ्यांचा कोट, आता तुरुंग. आम्हा मुलांना तिथून झपझप चालवत न्यायचे.

वेधशाळेची कथा काकांची. काका म्हणजे आत्याचे यजमान, शाळेत गणित शिकवायचे. वेधशाळेत त्यांचे एक स्नेही होते. मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असं ठरलं. विजेनं नोंदी बिघडणार. तेव्हा तिथले संचालक डॉ. नानाभॉय मूस यांनी जागा शोधली ती अलिबागची, आणि १९०४ पासून इथं काम सुरू झालं. दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेतल्या, म्हणजे जुना-नवा धागा तुटू नये. इमारत पोरबंदरी दगडाची, आणि लोखंड वर्ज्य. जिथं धातू लागेल तिथं तांबं-पितळ. काका सांगायचे, आत जाणाऱ्यानं किल्ल्या, चाकू, छत्रीसुद्धा बाहेर ठेवायची. आणि मग हळूच म्हणायचे, "मुंबईनं ट्राम घेतली आणि आपल्याला पृथ्वी दिली." त्या ट्राम १९६४ मध्ये बंद झाल्या. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत. एवढ्या दीर्घ काळाच्या नोंदी जगात थोड्याच ठिकाणी आहेत, आणि आपल्यातले कितीतरी लोक त्या कुंपणापासून दहा पावलांवर नारळपाणी पिऊन परत येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संध्याकाळ समुद्रावर. वाळू इथली काळसर, घट्ट. ओहोटीला तिच्यावर मुलांची कबड्डी रंगायची. या जिल्ह्यात कबड्डी न खेळलेला मुलगा शोधावा लागेल. कधी बैलगाड्यांच्या शर्यती. बैल धुऊन, शिंगं रंगवून आणायचे आणि चाकं ओल्या वाळूवरून आवाज न करता सुसाट जायची. म्हातारी माणसं बंधाऱ्यावर ओळीनं बसलेली, ज्याची त्याची जागा ठरलेली. आत्या मात्र वाऱ्याकडे तोंड करून उत्तरेला बघत बसायची, रेवस-मुंबईच्या बाजूला. का, ते मला थोडी मोठी झाल्यावर तिनं सांगितलं.

१७ जुलै १९४७. आषाढाची अमावस्या, गटारी. मुंबईत गिरण्यांत, गोदीत कामाला असलेली माणसं सणाला घरी निघाली होती. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी 'रामदास' बोट रेवसला सुटली. काशाच्या खडकाजवळ वादळात सापडली, लाटेच्या तडाख्यानं कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितलं तेव्हा कुठं मुंबईला कळलं. इकडे रेवसच्या बंदरावर लोक दुपारपर्यंत वाट बघत होते. आत्याच्या आळीतले दोन मुलगे त्या बोटीवर होते. त्यातल्या एकाच्या आईनं कोंबडीवड्यांचं पीठ दळून ठेवलं होतं, आणि ते पीठ नंतर कुणी हलवेना, एवढंच आत्या सांगायची. पुढं महिनाभरानं स्वातंत्र्य आलं. त्या पंधरा ऑगस्टला आळीत पेढे वाटले, पण काही दारांवरून ताट तसंच पुढं नेलं. त्यानंतर अलिबागेत वयं 'रामदास'वरून मोजली जायला लागली. हा बोट बुडाली त्या वर्षीचा, ती बोटीनंतरची. माझ्या चुलतबहिणीचं वय मी अजून तसंच काढते.

थंडीत गेलो तर पोपटी. वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी खाल्ली आहे त्यांच्या तोंडाला आता पाणी सुटलं असेल. शेतात वालाच्या शेंगा टपोऱ्या झाल्या की भांबुर्ड्याचा पाला आणायचा. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, ज्यांना चालतं त्यांच्यासाठी अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मग वर पाला गच्च. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गवऱ्या पेटवायच्या. झाली की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन क्षणात उडालं की झाली. आमचं घर शाकाहारी, पण शेजारच्या आगरी कुटुंबाच्या शेतात आमच्यासाठी वेगळं मडकं लागायचं, आणि पहिल्या शेंगा आत्याच्या ओंजळीत पडायच्या. भांबुर्ड्याचा तो वास कपड्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचा.

किल्ला सगळ्यात शेवटी, कारण तो आपल्या सोयीनं मिळत नाही. ओहोटीला पायी जाता येतं, भरतीला तो समुद्रात. आत्याकडे घड्याळ होतं, पण किल्ल्यावर जायचं तर ती भिंतीवरचं पंचांग बघायची. हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन. दुपारी तीनला भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला, सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती. पण तेव्हा भांग असते, पाणी पुरतं हटत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा पाणी चढतं तसंच लांबवर ओसरतं. हे गणित तिला सासूनं शिकवलं, सासूला कोळणीनं. काकांनी एकदा कागदावर मांडून, दर दिवशी भरती साधारण पाऊण तासानं पुढं सरकते म्हणून हे जमतं, असं मला समजावलं. आत्या बाजूला उभी राहून म्हणाली, "हे तुझ्या काकांना आज कळलं."

महाराजांनी आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं. पुरं झालं ते संभाजीराजांच्या काळात. जवळ जाऊन तटाचे दगड बघावेत. प्रचंड चिरे एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींमध्ये शिरतं, जोर मोडतो आणि तट उभा राहतो. महादरवाजावर मोर आणि हत्ती कोरलेले. आत गोड्या पाण्याची पुष्करणी, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. सिद्धिविनायकाचं देऊळ राघोजी आंगऱ्यांनी १७५९ साली बांधलं. जवळच हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गा. आत्या तिथंही हात जोडायची. तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. मुलं त्यांना कान्होजींच्या तोफा समजून वर चढतात, पण त्यांच्यावर १८४९ साल आणि यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. त्या ओतल्या गेल्या तेव्हा आंगऱ्यांचं राज्य जाऊन नऊ वर्षं झाली होती.

परतताना पाणी घोट्याला लागलं की आत्या साडी गुडघ्यापर्यंत खोचायची आणि माझा हात धरायची. एकदा वाटेत शिंपल्या वेचायला मी रेंगाळले, तेव्हा पाटी डोक्यावर घेतलेली एक कोळीण आमच्यामागून येत ओरडली, "पानी फिरलं बाय, चला बिगीबिगी!" पाणी फिरलेलं मला काहीच दिसत नव्हतं. त्या दोघींना दिसत होतं.

आत्याचं घर आता नाही. तिथं चार मजली इमारत आहे आणि तो खांब कुणाच्या तरी बंगल्याच्या दिवाणखान्यात गेला. मी अजूनही जाते. मांडव्याला आता मोटारीसकट नेणारी रो-रो आहे, २०२० पासून. मी मोटार मुंबईतच ठेवते. आळीत उरलेल्या कौलारू घरांच्या ओट्यांवर कुणी ना कुणी म्हातारं माणूस बसलेलं असतंच, आणि "कुणाकडे आलात?" असं विचारतंच. उत्तर द्यायला थांबावं. आक्षीपर्यंत चालत जावं; शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, मराठीतला सर्वांत जुना मानला जाणारा शिलालेख त्या गावात आहे, आणि कितीतरी वर्षं तो वाटेच्या कडेला पावसापाण्यात उभा होता.

आणि किल्ल्यावर जायचं असेल तर पावसाळा सोडून कुठल्याही संकष्टीला जा. गणपतीचं दर्शन होईल आणि पाऊणपटीच्या हिशेबानं सकाळी नऊची सुकती मिळेल. आठच्या सुमाराला निघा, दहाच्या आत परतीला लागा. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळी माणसाला एकदा विचारून घ्या. आत्याही पंचांग बघून झाल्यावर त्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकत नसे.